आईच्या बाजूचा पत्रा

माझं काम नापास करण्याचं आहे. नागपूरजवळ हिंगण्याच्या एका कारखान्यात एकोणतीस वर्षं मी पत्र्याच्या पेट्या तपासतो आहे. विजेचे मीटर, बटणं, तारा ज्यांत बसतात त्या करड्या रंगाच्या पेट्या. पेटी माझ्या टेबलावर आली की मी पत्र्याची जाडी मोजतो, रंगाचा थर मोजतो, कोपऱ्यांवरून बोट फिरवतो आणि शिक्का मारतो. हिरवा म्हणजे पास, लाल म्हणजे नापास. लाल शिक्क्यामुळे माझे कारखान्यात मित्र कमी आहेत. पण ज्या पेटीवर माझा हिरवा शिक्का आहे, ती भिंतीवर वीस वर्षं टिकते, असं मी खात्रीनं सांगू शकतो.

म्हणजे, सांगू शकत होतो. एकदा एक पिठाच्या गिरणीचे मालक एसटीनं पेटी मांडीवर घेऊन आले. तीन वर्षांत तिचा तळ गळून पडला होता. माझ्या टेबलावर पेटी ठेवून ते एवढंच म्हणाले, "शिक्का तुमचाच आहे ना?" शिक्का माझाच होता. मी ती पेटी चार दिवस उकलून पाहिली. तळाच्या मागच्या कोपऱ्यात, बोट जाणार नाही अशा जागी, रंग पातळ लागला होता. गिरणीतले लोक हात धुऊन पाणी भिंतीवर झटकत. ते ओघळून त्या कोपऱ्यात साचायचं. तेव्हापासून माझा नियम झाला: पाणी कुठून येतं ते नंतर पाहा, आधी ते कुठे थांबतं ते पाहा. लोखंडाला पाणी लागल्यानं फार बिघडत नाही, वाळलं की झालं. ते ओलं राहिलं की गंजतं.

या नियमामुळे आमच्या बेसा भागात माझी थोडी प्रसिद्धी झाली. जुनी गाडी घ्यायची असली की लोक मला घेऊन जातात. मी खिशात लोहचुंबक नेतो. पत्रा असेल तिथं ते चिकटतं, नुसती पुट्टी असेल तिथून गळून पडतं. एका गृहस्थांनी जवळजवळ पक्क्या केलेल्या गाडीच्या मडगार्डवर चुंबक ठरेना. टोचा घालून पाहिलं तर आत वर्तमानपत्राचा बोळा, त्यावर पुट्टी, त्यावर चकचकीत रंग. बोळा उलगडला. त्यातलं शब्दकोडं अर्धं सोडवलेलं होतं. विकणाऱ्याला मी म्हटलं, "उरलेलं मी सोडवू का?" तो काही हसला नाही.

हे सगळं सांगितलं ते एवढ्यासाठी, की पुढं जे झालं ते कोणाच्या घरी झालं, हे वाचणाऱ्याला कळावं.

आमच्याकडे एक लहान पांढरी गाडी आहे. तिचं हे सोळावं वर्ष. मुलगा नोकरीला बाहेरगावी असतो, तो दर फोनवर म्हणतो, "बाबा, काढून टाका आता ती." मी काढत नाही, कारण मी मोजून पाहिलं आहे. चार वर्षांपूर्वी आईला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू कमजोर झाली. आता ती गाडीकडे पाठ करते, डाव्या हातानं दाराची चौकट धरते, सीटवर बसते आणि मग एकेक पाय आत घेते. या गाडीची सीट जमिनीपासून बावन्न सेंटीमीटरवर आहे. शोरूममध्ये जाऊन मी टेपनं पाच नव्या गाड्या मोजल्या. सगळ्यात खालची सीट एकसष्टवर. आईला ते नऊ सेंटीमीटर चढता येत नाहीत. भाड्याच्या गाडीचे ड्रायव्हर घाई करतात, आणि कुणी घाई केली की आई बसतच नाही. तेव्हा आईचं घराबाहेर पडणं म्हणजे ही गाडी.

आई मूळची उमरेडची, विणकराची मुलगी आणि विणकराची सून. नागपुरात आमच्या जुन्या घरी दोन माग होते. बाबा विणायचे, आई धाग्याच्या कांड्या भरायची आणि ताण्यातला धागा तुटला की सांधायची. माग जाऊन तीस वर्षं झाली. तिची धाकटी बहीण, माझी मावशी, उमरेडलाच असते. मावशीच्या डोळ्यांत आता जेमतेम उजेड उरला आहे. गेल्या एप्रिलमध्ये तिनं फोनवर आईला सांगितलं, "बाई, थोडं दिसते तवरक येऊन जाय. मंग आलीस तं आवाजच आयकू येईन." दोघी दोन वर्षं भेटल्या नव्हत्या. आईनं फोन ठेवला आणि मला म्हणाली, "मले उमरेडले ने गा. या महिन्यातच."

मी हो म्हटलं. त्याच आठवड्यात, गुरुवारी, काठीचा प्रकार झाला.

गुरुवारी आईला व्यायामासाठी दवाखान्यात न्यायचं असतं. परतताना बेसा चौकाच्या अलीकडे खड्डा आला, गाडी आदळली, आणि आई म्हणाली, "थांब थांब. माही काठी खाली गेली."

"पायाशी पडली असेल. घरी गेल्यावर काढतो."

"पडली नाई गा. खाली गेली. सडकेले लागून राहिली."

मी गाडी बाजूला घेतली. काठी आईच्या हातात होती, पण तिचा खालचा वीतभर भाग गालिच्यातून, गाडीच्या तळातून आरपार रस्त्यावर टेकला होता. आईला गंमत वाटली. म्हणाली, "तुही गाडी आता काठी टेकत चालते." मीही हसलो. पण तिची पावलं त्या भोकाच्या दोन्ही बाजूंना होती, आणि घरापर्यंत मी गाडी दुसऱ्या गियरच्या वर नेली नाही.

घरी येऊन सीट काढली, गालिचा उचलला. भोक अकरा बाय सात सेंटीमीटरचं. भोवतीचा पत्रा सुरीच्या टोकानं खरवडला की पापुद्रे सुटत होते. उजवीकडचा तळ मात्र ठणठणीत. चारही कोपऱ्यांत गंज असता तर वय झालं म्हटलं असतं. एकाच बाजूला गंज म्हणजे पाणी एकाच बाजूनं येत होतं. आणि ते कुठून येतं, हे कळायला मला मान वर करण्याइतकाच वेळ लागला. समोरच कूलर होता.

नागपूरच्या बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे उन्हाळ्यात खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर कूलर बसवतात. त्याच्या तीन बाजूंना गवतासारख्या लाकडी तंतूंच्या ताट्या असतात, त्यांना आम्ही घास म्हणतो. पंप त्या घासेवर पाणी सोडत राहतो, आतला पंखा ओल्या घासेतून हवा ओढून खोलीत फेकतो. घासेचं पाणी थोडंफार बाहेर ठिबकतं, उडतं. आई दवाखान्यातून घरी आली तेव्हा मी तिच्या खिडकीच्या अर्ध्या भागाला मोठा कूलर लावला, अर्धी मोकळी ठेवली. खिडकी उघडते पोर्चमध्ये. पोर्चमध्ये गाडी. गाडीच्या डाव्या दारापासून कूलर नऊ इंचांवर.

त्यात आमची आणखी एक सवय. उन्हाळ्यात गाडीच्या आत भट्टी होऊ नये म्हणून काच दोन बोटं खाली ठेवायची. रस्त्याकडची काच खाली ठेवणं बरं नाही, म्हणून मी भिंतीकडची ठेवायचो. म्हणजे कूलरकडची. चार उन्हाळे त्या दोन बोटांच्या फटीतून पाणी दारात झिरपलं.

आता दारात पाणी जाणारच, पावसाचंही जातं. गाडी बनवणाऱ्याला ते माहीत असतं, म्हणून प्रत्येक दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला तीन बारीक भोकं असतात. मी त्या संध्याकाळी आडवा पडून ती पाहिली. तिन्ही बुजलेली. घासेचे तंतू आणि बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार मिळून अगदी बूच बसलं होतं. पाणी दारात साचलं, रबराच्या वरून आत उतरलं, गालिच्याखाली गेलं आणि तिथं थांबलं. तारेनं वर्षातून एकदा ती भोकं साफ केली असती तर काही झालं नसतं. कारखान्यात रोज तळाच्या कोपऱ्यात बोट घालणाऱ्या माणसानं घरी चार वर्षांत ती भोकं किती वेळा साफ केली? शून्य वेळा.

जेवताना बायकोनं, शोभानं, विचारलं, "कशानं झालं मग?"

मी आकडेमोड केलेलीच होती. म्हटलं, "कूलरच्या पाण्यानं. उन्हाळ्याचे नव्वद दिवस, रोजचे चौदा तास, चार वर्षं. पाच हजार चाळीस तास पाणी उडालं दारावर."

शून्याचा आकडा मी सांगितला नाही.

आईचा घास हातातच राहिला. तिनं दोनदा विचारलं, "माह्या कूलरनं?" मी "तसंच" म्हटलं आणि वरण वाढून घेतलं. मला त्यात काही वाईट बोललो असं वाटलंच नाही. मी कारण सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवारी मी कारखान्यात होतो. शोभा शाळेत शिकवते, ती दीड वाजता घरी आली. पारा चव्वेचाळीसच्या वर होता. आई बंद कूलरसमोर खुर्चीत बसली होती. ओठ कोरडे, बोलणं जड. शोभानं कूलर लावला, ओला पंचा कपाळावर ठेवला, डॉक्टरांना बोलावलं. मी धावत पोचलो तेव्हा सलाइन लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, अशी आणखी एक दुपार यांना झेपणार नाही.

कूलरचं बटण आईनं स्वतः बंद केलं होतं, काठीच्या टोकानं. तिला हात वर करावा लागू नये म्हणून ते बटण जमिनीपासून ऐंशी सेंटीमीटरवर मीच आणून दिलं होतं.

"आई, कूलर का बंद केलास?"

"पंखा पुरे होते मले. मागाच्या खोलीत काय कूलर होता का?"

"तेव्हा तू तिशीत होतीस."

"गाडी खाऊन राहिला तो. गाडी गेली तं मी उमरेडले कशी जाऊ?"

मी तिला समजावलं. गाडी कूलरपासून दूर ठेवतो म्हटलं, पत्रा नवा बसतो म्हटलं. ती हूं हूं म्हणाली. शनिवारी सकाळी आम्ही दोघं स्वयंपाकघरात असताना कूलर पुन्हा बंद. मी शोभाला म्हटलं, "बटण वर नेतो, दोन मीटरवर."

शोभानं माझ्याकडे पाहिलं. "लहान पोरगी हायेत का त्या? अन् तुम्हाले कोणी सांगतलं होतं पाच हजार तास मोजायले? त्या काय तुमची पेटी होय, लाल शिक्का मारायले?"

शोभानं शाळेत रजा टाकली आणि ती दिवसभर बटणाजवळ खुर्ची टाकून बसली. आई तिच्याशी गोड बोलत होती आणि माझ्याशी बोलत नव्हती.

रविवारी सकाळी सहाला गजूभाऊ आले. कूलर अजून लावायचा होता, तरी शोभा बटणाजवळच्या खुर्चीत येऊन बसलेली होती. गजूभाऊ डेंटर, म्हणजे गाडीचा पत्रा सरळ करणारे कारागीर. हिंगणा रोडवर त्यांचं दुकान आहे. बाकीचं काम मी घरी करतो, तेल बदलणं, ब्रेक साफ करणं, रंगाची डागडुजी. पण वेल्डिंग मी करत नाही. पातळ पत्र्याला वेल्डिंग धरणं हे हाताचं काम आहे, मोजण्याचं नाही. गाडी कूलरपासून दूर, पोर्चच्या तोंडाशी ढकलली, बॅटरीची तार काढली, सीट आधीच बाहेर होती, जवळ पाण्याच्या दोन बादल्या ठेवल्या. मी भोकाभोवती खडूनं चौकट आखून ठेवली होती. मायक्रोमीटरनं दर दोन सेंटीमीटरवर जाडी घेतली होती. मूळ पत्रा शून्य पूर्णांक आठ मिलिमीटर. जिथं अर्धा मिलिमीटर भरला तिथं मी रेघ मारली. चौकट झाली अठरा बाय पंधरा.

गजूभाऊंनी रेघेवर कापलं, नवा तुकडा बसवला, वेल्डिंगचा टाका दिला. फट्‌ आवाज झाला आणि टाक्याच्या जागी वाटाण्याएवढं भोक पडलं. दुसरा टाका, दुसरं भोक.

"भाऊ, हा पत्रा नाई, पिंपळाचं वाळलेलं पान हाये. धरतच नाई, जळून राहिला."

"पण जाडी अर्धा मिलिमीटर आहे गजूभाऊ. मी मोजली आहे."

"मोजली असंन. गंजासकट मोजली तुम्ही."

खिडकीतून आईचा आवाज आला. ती केव्हा येऊन बसली होती, कळलं नव्हतं. "काय जळालं गा गजू?"

"टाका जळाला, काकू. तुमच्या लेकाले पत्रा वाचवाचा हाये."

"कुठवर कापलं त्यानं?"

मी खिडकीशी जाऊन हातांनी चौकट दाखवली. दोन दिवसांनी ती माझ्याशी पहिल्यांदा बोलत होती, म्हणून मी नीट दाखवली. ती म्हणाली, "धागा सांधताना आम्ही काय करो, आठवते का तुले? तुटला तिथंच गाठ मारली का दुसऱ्या फेऱ्यात पुन्हा तुटे. तुटल्याच्या मांगचा धागाही झिजला राह्यते. मंग त्याले चिमटीत धरून मांग मांग जाचं. जिथं पीळ लागला, तिथं तोडाचं अन् राख लावून तिथं सांधाचं. तुहा बाप ओरडे, एवढा धागा काहून वाया घालवतं म्हणून. पण माह्या हातचा सांध कधी सुटला नाई."

"पत्र्याला पीळ कसा पाहू?"

"वाजवून पाह्य ना. मले आयकू येते इथून."

मी लहान हातोडी घेतली. गंजलेला पत्रा भद्द वाजतो आणि चांगला ठण्ण, हे मला माहीत आहे. कारखान्यात नवी पोरं आली की मीच त्यांना शिकवतो. घरी मी ते विसरून मायक्रोमीटर काढला होता. मी ठोकत रेघेबाहेर सरकू लागलो. खिडकीतून आई सांगत होती, "अजून भद्द हाये. अजून. थोडं इकडं. आता कसा बोलला!" तिथं मी खूण केली. चौकट झाली एकतीस बाय चोवीस. माझ्या चौकटीच्या जवळजवळ पावणेतीन पट. गजूभाऊ म्हणाले, "काकूले दुकानात बसवतो मी."

या वेळी टाके बसले. गजूभाऊ टाके देत असताना मी दाराच्या खालच्या कडेची भोकं तारेनं मोकळी करायला घेतली. घासेचं बूच निघालं, मागोमाग कपभर गढूळ पाणी आलं. ते बूच हातात घेऊन मी आत आईकडे गेलो आणि तिच्या डाव्या तळहातावर ठेवलं.

"हे काय होय?"

"हे तीन भोकांत होतं. यानं पाणी अडलं. कूलर शंभर वर्षं चालला असता आणि ही भोकं मोकळी असती, तर तुझ्या पायाखाली काही झालं नसतं. ती साफ करणं माझं काम. चार वर्षांत मी एकदाही केलं नाही. गुरुवारी जेवताना मला हे माहीत होतं. मी सांगितलं नाही."

आईनं ते बूच बोटांनी चुरडून पाहिलं.

"म्हणजे कूलर पास?"

"पास."

"अन् तू?"

"नापास."

"मंग त्या बिचाऱ्या शोभाले उठव तिथून. कवाची बटण राखून राहिली." असं म्हणून तिनं काठी उचलली आणि टोकानं कूलर सुरू केला. पाणी घासेवर पडल्याचा आवाज आला, ओल्या वाळ्यासारखा वास खोलीभर झाला. शोभा माझ्याकडे न पाहता चहा टाकायला गेली. कपबश्यांच्या आवाजावरून राग उतरलेला वाटला.

पुढचा आठवडा रोज सकाळी कामावर जाण्यापूर्वी एक तास. टाके घासले, गंज खाऊन टाकणारं रसायन लावलं, वाळू दिलं, रेडऑक्साईडचे दोन हात, खालून डांबरी लेप, वरून रंग. प्रत्येक थर पुरता वाळेपर्यंत पुढचा लावायचा नाही. घरी काम करणारा माणूस इथंच चुकतो. दार उघडं ठेवून आतली वाफ जाऊ दिली. सांधा दिसतो. मी तो घासून सपाट केला नाही. गालिचा टाकला की तो फक्त मला माहीत.

रविवारी, ऊन चढायच्या आत, सहाला आम्ही निघालो. आई पाठमोरी बसली, एकेक पाय आत घेतला, आणि मी दार लावायच्या आधी तिनं काठी तळावर आपटली. एकदा, मग जोरात दुसऱ्यांदा. ठण्ण.

"चाल," ती म्हणाली.

उमरेडला मावशी ओट्यावरच बसली होती. तिनं आईचा चेहरा दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवला, अगदी जवळ नेला आणि म्हणाली, "बाई, तू तं म्हातारी झाली वं." आई म्हणाली, "दिसलं ना? बस्स झालं मंग." पुढं दोघींनी एकमेकींचे हात सोडले नाहीत, आणि मी गाडीचं पाणी पाहायच्या निमित्तानं बाहेर आलो.

तेव्हापासून कूलर आपल्या जागी आहे आणि गाडी बाहेर रस्त्याच्या कडेला असते. पोर्चमध्ये दुसरी जागा नाही. तारेचा एक तुकडा मी किल्लीच्या जुडग्यातच अडकवला आहे, दर पहिल्या रविवारी भोकं पाहतो. पण बाहेर सावली नाही. नागपूरच्या उन्हात पांढरा रंग किती टिकतो, आधी त्याची चमक जाते, मग तो खडूसारखा हाताला येतो, मग तडे जातात आणि तड्यांत पाणी थांबतं, याच्या चाचण्या आम्ही कारखान्यात केल्या आहेत. गाडी किती वर्षं तग धरेल, याचं गणित मी एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मांडलं. आईचं वय त्या गणितात धरायचं नव्हतं, तरी ते कागदावर शेजारी लिहिलं गेलं. कागद मी घरी आणला नाही.

परवा आई खिडकीत बसली होती, कूलरच्या वाऱ्यात पदर उडत होता. बाहेर उभ्या गाडीकडे बघत म्हणाली, "उन्हात तापून राहिली बिचारी. किती वर्षं टिकंन गा असा रंग?"

"मोजलं नाही," मी म्हटलं.